मधली घडी

मला रडू येत नाही, ही आमच्या नात्यागोत्यात माझी ख्यातीच आहे. लग्नात मुलीची पाठवणी चाललेली असते, साऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या असतात आणि मी मागच्या दारी भांडी आवरत असते. मास्तरीण ती, पोरांना मारून मारून मन दगडाचं झालंय, असं म्हणतात. झालंही असेल. पण ते शाळेत झालं नाही. त्याच्या बरंच आधी झालं, मानमोडीच्या वर्षी. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

मानमोडी म्हणजे पहिल्या लढाईच्या शेवटी आलेला ताप. मान मोडल्यासारखी दुखायची, अंग भाजायचं आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचं. आमची आई तशीच गेली. लोणावळ्याजवळ तुंगार्लीला एका पारशी शेटच्या बंगल्यावर वडील माळी होते आणि आवारात मागच्या बाजूला आम्हाला दोन खोल्या होत्या. आईबाप, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी धाकटी बहीण, एवढेच आम्ही. आई गेली त्या सकाळी मी रडले नाही. चूल कोणीतरी पेटवायला हवी होती, ती पेटवली. भात लागला, तो तसाच खाल्ला. वडील म्हणाले, "मीठ ऱ्हायलंय." मी उठून मीठ आणलं. आईच्या मरणाचं मला एवढंच धड आठवतं.

दहाव्याला आम्ही इंद्रायणीवर गेलो. कार्ल्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी त्या दिवसांत जत्रा भरल्यासारखी माणसं असायची. जो तो पिंड मांडून बसलेला. घरोघरी मयत झालेली, त्यामुळे काठावर भाताचे गोळेच गोळे. कावळ्यांनी खाऊन खाऊन खायचं तरी किती? आईच्या पिंडाकडे एकही फिरकेना. समोर जांभळीच्या फांदीवर एक लठ्ठ कावळा बसला होता. तो आमच्याकडे पाहायचा, चोच फांदीला घासायचा आणि पुन्हा पाहायचा.

पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं काहीतरी मागे राहिलंय असं धरतात. मग ज्याने त्याने पुढे होऊन शब्द द्यायचा. वडील हात जोडून म्हणाले, "दोनी पोरी नीट सांभाळीन. जा तू." कावळा हलला नाही. वडील पुढे म्हणाले, "दुसरं लगीन करनार न्हाई." त्यावर कावळ्याने चोच घासली. चुलते म्हणाले, दर्भाचा कावळा करा आणि उरका, मागं लोक खोळंबल्यात. तेवढ्यात मावशी पुढे झाली. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. कान्हे गावात दिलेली, पदरी मूलबाळ नाही. ती रडत रडत म्हणाली, "आक्का, धाकटीला मी नेते. पोटच्या पोरीवानी वाढवते. आता तरी शिव."

कावळा उतरला. सावकाश दोन पावलं टाकली आणि पिंडात चोच घातली.

सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. चुलते म्हणाले, "बघा, जीव धाकटीतच अडकला हुता." मी नऊ वर्षांची असले तरी मला डोळे होते. शेजारच्या पिंडावरनं उठलेल्या पोरांनी जांभळीकडे खडा मारला होता, म्हणून तो कावळा उतरला. पण ते सांगणार कोणाला? शब्द दिला गेला होता. भाऊबीज झाली की न्यायला येते, असं सांगून मावशी कान्ह्याला गेली. धाकटी तेव्हा नदीत खडे टाकत बसली होती. तिला कशाचाच पत्ता नव्हता.

ती मात्र आईची वाट पाहायची. आई गेली हे तिला सांगितलं होतं. पण गेलेली माणसं परत येतात, वडील बाजारात जातात आणि येतातच की, असा तिचा सरळ हिशेब. दिवसभर बंगल्याच्या फाटकाशी बसून असायची. ऊन आलं तरी हलायची नाही. शेटची म्हातारी बाई साथीमुळे मुंबई सोडून बंगल्यात येऊन राहिली होती, तिने ते बरेच दिवस पाहिलं. शेवटी एके दिवशी ती आतून काहीतरी घेऊन आली, धाकटीच्या मांडीवर ठेवलं आणि परत आत गेली.

ते पुस्तक होतं. पण आमच्या माहितीतल्या पुस्तकासारखं नव्हतं. एक लांबच लांब कागद, पंखा मिटावा तसा उलटसुलट घड्या घालून ठेवलेला आणि दोन्ही टोकांना निळ्या कापडाचे पुठ्ठे. दोन्ही पुठ्ठे हुबेहूब सारखे. आत अक्षर एकही नाही. नुसती चित्रं, चौकटी चौकटी करून काढलेली, एका चौकटीतलं दुसरीत चालू राहणारं. शेटचा व्यापार जपानशी होता. तिथून आलेली ती चीज होती, पण हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. मी नुकती घरीच पाटीवर मुळाक्षरं गिरवायला लागले होते. पुस्तक डावीकडून बघायचं एवढं मला कळत होतं. मी डावा पुठ्ठा उचलला.

पहिल्या चौकटीत एक मुलगी दारात एकटीच बसलेली होती, पुढ्यात रिकामी वाटी. छपरावर, झाडांवर, रस्त्यावर सगळं पांढरं. मी म्हटलं, तांदळाचं पीठ सांडलंय. धाकटीला ते पटलं. पुढे डोंगर आणि डोंगरावर ढगाएवढा एक वाघ. अंगावर पट्टे खरे, पण मानेला पिसं आणि शेपटीच्या टोकाला दिव्यासारखा उजेड. पुढे तो मुलीजवळ येतो. मग ती दोघं रानोमाळ हिंडतात, पंखांचे मासे भेटतात, झाडाएवढा ससा भेटतो. बरोबर मध्ये, एका घडीच्या दोन्ही बाजूंना मिळून एक मोठं चित्र होतं. वाघ पाण्यावरून उडत चाललाय आणि मुलगी त्याच्या पाठीवर. ती अगदी घडीवरच बसलेली. त्यापुढे दर पानाला वाघ लहान लहान होत जातो. वासराएवढा, कुत्र्याएवढा, मांजराएवढा. आणि शेवटी दारात बसलेल्या मुलीच्या मांडीवर तो इवलासा होऊन निजलेला, शेजारी भरलेली वाटी.

एक गोष्ट मात्र खटकायची. वाघ सगळीकडे उलटा चालत होता. डोंगरावरून मुलीकडे यायचा तेव्हाही त्याची पाठच आमच्याकडे. धाकटीने विचारलं, "तो पाठमोरा का येतो?" बागेत खुरपणीला वरच्या पाड्यावरची एक म्हातारी यायची, तिला चित्र दाखवलं. तिने पाहिल्याबरोबर हात जोडले आणि म्हणाली, "वाघदेव हाय ह्यो. देवाचं त्वांड बगू न्हाई, म्हून पाठमोरा येतो. एवडं बी कळंना व्हय तुमाला?" झालं, शंका मिटली.

त्या दिवसापासून धाकटी फाटकाशी जाऊन बसेना. संध्याकाळी तिच्या वाट्याच्या भातातला थोडा भात वाटीत काढायची आणि वाटी पायरीवर ठेवायची. आधी आय ढगाएवढी येणार, मग बारीक बारीक होत घरात मावेल एवढी होणार, असं तिनं मला समजावून सांगितलं. सकाळी वाटी रिकामी असायची. कावळे यायचे. दहाव्याला नखरे करणारी जात इथं मात्र बिनबोलावता, उजाडायच्या आत हजर. धाकटी म्हणायची, "आय जेवून गेली." मी वाटी विसळून ठेवायचे. मला ना हसू यायचं, ना वाईट वाटायचं. घरात करायची कामं असतात, त्यातलं ते एक.

दिवाळीच्या तोंडावर वाघबारस आली. खुरपणीची म्हातारी आम्हा दोघींना पाड्यावर घेऊन गेली. शेंदूर फासलेल्या वाघदेवाच्या दगडापुढे खिरीचं पातेलं उतरलेलं. गुराख्यांची पोरं अंगाला चुना-कोळशाचे पट्टे ओढून वाघ झाली होती. त्यांना पोटभर खीर घालायची आणि मग बाकीच्यांनी काठ्या आपटत विचारायचं, "आमच्या शिवारात पुन्ना येशील का?" वाघाने म्हणायचं, "न्हाई येनार, न्हाई येनार," आणि शिवेपलीकडे पळत सुटायचं. वर्षानुवर्षं चालत आलेला खेळ. सगळे हसत होते. धाकटी एकदम त्या पोरांच्या मागे धावली. "त्येला हाकलू नका, त्येला घरी यायचंय!" असं ओरडत ती शिवेपर्यंत गेली, ठेच लागून पडली, आणि तिला उचलून आणलं तरी तिचा हुंदका थांबेना. लोक म्हणाले, पोर भ्यायली. मी तिच्या गुडघ्याला हळद लावली. ही आता थोडेच दिवस आपल्याकडे आहे, एवढं माझ्या मनात येऊन गेलं. त्यापुढे काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी दुपारची झोपली होती आणि मी पायरीवर ते पुस्तक उघडून बसले होते. बंगल्यातली म्हातारी बाई फुलं न्यायला आली. उभ्या उभ्या तिने पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू तो उलटं बघते. हे जपानी लोकचं हाय. तिकडे हितून सुरू करते," आणि उजवा पुठ्ठा उचलून दाखवला. फुलं घेऊन ती गेली.

मी उजवीकडून पाहिलं. मुलीला दारात एक पिल्लू सापडतं. ती त्याला वाटीतलं भरवते. ते वाढतं, कुत्र्याएवढं, वासराएवढं. दोघं हिंडतात. मग ते ढगाएवढं होतं आणि डोंगर चढून निघून जातं, पाठ करून. कोणी पाठमोरं येत नव्हतं. जाणारं जात होतं, आणि जाणाऱ्याची पाठच दिसते. शेवटी दारात मुलगी आणि रिकामी वाटी.

मी पुस्तक मिटलं. हे असंच असणार, हे मला जणू आधीच ठाऊक होतं. धाकटी उठली तेव्हा तिला मी डावीकडूनच दाखवलं. तिला सांगून काय होणार होतं?

भाऊबीजेनंतर मावशी बैलगाडी घेऊन आली. येताना तिने धाकटीला नवं परकर-पोलकं आणलं होतं आणि मलाही आणलं होतं. मी ते घडी करून फळीवर ठेवलं. जेवणं झाली. धाकटीला गाडीत बसायची हौस होती, ती आपणहून चढली. मग मी खालीच उभी आहे हे तिच्या ध्यानात आलं.

"आक्का, तू चढ ना."

"मी न्हाई येत. तू जा. मावशी लाडू देनार हाय."

तिने पुस्तक पोटाशी धरलं होतं. ती माझ्याकडे पाहात राहिली आणि मग गाडीतून उतरली. मावशीने उचललं की पुन्हा उतरायची. रडत नव्हती, नुसती उतरत होती. म्हणत होती, "पुस्तक मी नेलं तर आक्काला तो कसा दिसंल?" मी म्हटलं, ठेवून जा. तर, "मग मला कसा दिसंल?" मावशीने समजूत काढली, गाडीवान कावला, बैल मुतून मोकळे झाले, तरी तिचं तेच. शेवटी वडील आत गेले आणि कलमं करायचा चाकू घेऊन आले. पुस्तक जमिनीवर उघडून त्यांनी मधली घडी शोधली आणि त्या घडीवरून चाकू ओढला. एका फटक्यात दोन तुकडे झाले. वाघाचं तोंड एकीकडे, शेपटी दुसरीकडे. घडीवर बसलेली मुलगी पार मधोमध चिरली गेली.

"कुटलं पायजे?" त्यांनी धाकटीला विचारलं.

तिने मांडीवर पिल्लू असलेला भाग उचलला. आमच्या बघण्याप्रमाणे तो शेवट होता. मला रिकाम्या वाटीचा अर्धा राहिला. गाडी फाटकातून निघाली. वडिलांनी चाकू धोतराला पुसला आणि ते गुलाबांकडे गेले. मी आत येऊन भांडी घासली. वाटी विसळायची नव्हती, म्हणून काम लवकर आटपलं.

पुढच्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं नाही. कावळ्याने तो शब्द घेतला नव्हता, तरी त्यांनी पाळला. म्हाताऱ्या बाईने त्यांच्या मागे लागून मला शाळेत घातलं. शिकले, मास्तरीण झाले, लोणावळ्यातच मुलींना शिकवू लागले. लग्नही झालं. धाकटी कान्ह्याला वाढली, तिथेच शेजारच्या घरात दिली गेली. लग्नकार्यात भेट व्हायची. ती मावशीला "आई" म्हणायची. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं होतं. दुसऱ्या वेळेपासून ठेवलं नाही. मावशी दर खेपेला मला म्हणायची, "चार दिस ऱ्हायला ये की गं." मी म्हणायचे, शाळा आहे. सुट्टीतही मला शाळाच असायची. मनातल्या मनात मी त्या बाईला त्या लठ्ठ कावळ्याच्या शेजारी बसवून ठेवलं होतं. दोघांनी मिळून माझी बहीण नेली, असा माझा पक्का समज.

मावशी गेली ती दुसऱ्या लढाईच्या दिवसांत. थोड्या दुखण्याचं निमित्त होऊन गेली. वडील तोवर नव्हते. दहाव्याला मी कान्ह्याला गेले. निघताना पेटीच्या तळातून तो अर्धा कागद काढून पिशवीत टाकला. का, ते मला सांगता येणार नाही.

पुन्हा तीच इंद्रायणी, फक्त खालच्या काठाला. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. ऊन चढलं. एक जण म्हणाला, बाईचं काय राहिलं असंल? दुसरा म्हणाला, शेताच्या बांधाचं बोला. कोणी म्हणालं, धाकटीच्या पोराला वर आणीन म्हणा. एक म्हातारा पुढे होऊन हात जोडायला लागला.

"बोलायचं न्हाई," धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती अंगाने बारीकच, पण आवाज असा लागला होता की म्हाताऱ्याचे हात जोडलेलेच राहिले.

"कुनी कावळ्याला कायबी बोलायचं न्हाई. त्येला भूक लागंल तवा यील. तवर मी हितं बसते. ज्येला घाई हाय त्येनं जावं."

कोणी गेलं नाही. नदीवर धुणं धोपटल्याचा आवाज तेवढा येत होता. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. आपल्याला कावळ्यापुढच्या शब्दावर दिलं गेलं, हे तिला ठाऊक होतं तर. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने एक कावळा आला, इकडेतिकडे पाहिलं आणि खायला लागला. त्याला कोणी काहीच दिलं नव्हतं, फक्त भात.

घरी आल्यावर जेवणं उरकली, माणसं पांगली. मी पिशवीतून माझा अर्धा काढून तिच्यापुढे ठेवला. ती उठली, आतून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं गाठोडं आणलं आणि सोडलं. तिचा अर्धा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त झिजलेला होता. घड्यांवर खळ लावून चिंध्या चिकटवल्या होत्या. चिंध्या मावशीच्या लुगड्याच्या, एवढी निगा कोणी केली होती ते दिसतच होतं.

मी मास्तरीण, मला राहवेना. म्हटलं, "एक सांगू? आपण ते उलटं बघत होतो. हे उजवीकडून बघायचं असतं."

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "आईनं पयल्याच दिशी उजवीकडून उघाडलं. तिला कुटं वाचता येत हुतं? हाताला ज्यो पुठ्ठा लागला त्यो तिनं उचलला. मला मांडीवर घ्यायची आन सांगायची, एक पिल्लू हुतं आईयेगळं. दारात सापाडलं. बाईनं मांडीवर घेतलं, भात चारला, मोठं केलं." तिने बोटाने एकेक चौकट दाखवली. पिल्लू, कुत्रा, वासरू. मग ती कापलेल्या कडेशी आली. तिथे वाघाची नुसती मागची अर्धी बाजू उरली होती, डावीकडे तोंड करून निघालेली.

"मी इचारायची, आता ह्यो कुटं चालला? तर म्हनायची, त्येचं त्वांड लोनावळ्याकडं हाय. थोरलीला आनाया चाललाय. थोरली आली की मंग पुडची गोष्ट." "रोज म्हनायची. मी मोटी झाले तरी म्हनायची. तुला सुट्टी लागली की अंगन सारवून घ्यायची."

चार दिस राहायला ये, हे त्या बाईने मला किती वेळा म्हटलं होतं! आणि मी दर वेळी शाळा पुढे केली. आधी मला वाटलं ठसका लागला. मग कळलं की हे दुसरं काहीतरी आहे, आणि ते थांबवायचं कसं हे मला ठाऊकच नव्हतं, सवय नव्हती. धाकटीने पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला. मी जमिनीवर बसून मोठमोठ्याने रडले. आईसाठी रडले की मावशीसाठी, ते मला वेगळं करता आलं नाही.

नंतर धाकटीने दोन्ही कागद सारवलेल्या जमिनीवर एकमेकांना लावले. माझा डावीकडे, तिचा उजवीकडे. ते जुळले नाहीत. तिच्या बाजूची कड झिजून आणि माझ्या बाजूची पेटीत कसरीने खाऊन दोन बोटं कागद नाहीसा झाला होता. वाघाचं तोंड होतं, शेपटी होती, मध्ये मुलगी बसायची तिथे जमीन दिसत होती. धाकटीने त्या जागेवर आपलं बोट आडवं ठेवलं. तिचं एकटीचं पुरेना, म्हणून मग मीही ठेवलं.